फिरता यंत्रमानव : चार सेल, दोन मोटारी आणि खराट्याच्या काड्या

दोन छोट्या मोटारी, चार पेन्सिल सेल, दोन लिमिट स्विच, काही तारा आणि खराट्याच्या दोन काड्या एवढ्या साहित्यातून जमिनीवर फिरणारा आणि अडथळा लागताच स्वतःहून वळणारा यंत्रमानव तयार होतो. त्यास संगणक लागत नाही, प्रोग्रॅम लागत नाही आणि महागडा संचही लागत नाही. आठवी-नववीतील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली तो दोन दुपारांत जोडू शकतो. तो का फिरतो, का वळतो आणि कोठे फसतो हे समजून घेण्यास मात्र थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. आणि या खेळण्याचे खरे मोल त्या वेळातच आहे.

नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या संदर्भात या मोलाला वेगळा अर्थ प्राप्त होतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के म्हणजे राज्यात सर्वांत कमी होते. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक शहादा तालुक्यातील टेंभली या गावी देण्यात आले. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे टिपणारी यंत्रे त्या दिवशी सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचली. यंत्रे अशीच येतात : बंद पेटीत, तयार होऊन, केवळ वापरण्यासाठी. उघडून पाहता येईल, बिघडवता येईल आणि पुन्हा जोडता येईल असे यंत्र मुलांच्या हाती क्वचितच पडते. फिरता यंत्रमानव ही उणीव अल्प खर्चात भरून काढू शकतो.

रोबो कशाला म्हणावे?

‘रोबो’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून जगभर पसरला. हे नाटक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९२१ मध्ये प्राग येथे त्याचा व्यावसायिक प्रयोग झाला. हा शब्द चापेक यांना त्यांचे बंधू योसेफ यांनी सुचवला होता. चेक भाषेतील ‘रोबोटा’ म्हणजे सक्तीचे श्रम, आपल्याकडील वेठ. शहादा-तळोदा भागाला ही कल्पना परकी नाही. याच भागात १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली ती सालदारांच्या आणि भूमिहीन आदिवासींच्या प्रश्नांवर.

माणसासारखे हातपाय असणे ही रोबोची अट नव्हे. भोवतालची जाणीव घेणे, त्या जाणिवेनुसार काय करायचे ते ठरवणे आणि त्याप्रमाणे हालचाल करणे ही तीन कामे जे यंत्र करते, त्यास सर्वसाधारणपणे रोबो म्हणता येते. यात्रेत मिळणारी बॅटरीची गाडी भिंतीवर आपटून तेथेच चाके फिरवत राहते. तिला भिंतीची जाणीव नसते. प्रस्तुत यंत्रमानवाला ती असते.

या प्रकारच्या यंत्रांचा इतिहास पाऊणशे वर्षांचा आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये मेंदूतील विद्युतलहरींचा अभ्यास करणारे ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास ‘एल्मर’ आणि ‘एल्सी’ नावाची दोन यांत्रिक कासवे तयार केली. प्रत्येक कासवाला प्रकाशाची जाणीव देणारा एक भाग होता, धक्का जाणवण्यासाठी टरफल होते आणि ‘मेंदू’ म्हणून केवळ दोन निर्वात नळ्या होत्या. तरीही ती प्रकाशाच्या शोधात फिरत आणि अडथळ्यांतून वाट काढत. थोड्याच भागांच्या जोडणीतून जिवंत प्राण्यासारखे वागणे निर्माण होऊ शकते, हे वॉल्टर यांना दाखवायचे होते.

भारतीय वाचकांना परिचित असलेले उदाहरण चंद्रावरचे आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. त्यातील २६ किलो वजनाची, सहा चाकांची ‘प्रज्ञान’ ही बग्गी चार दिवसांनी, २७ ऑगस्टला, चार मीटर व्यासाच्या विवरासमोर आली. विवर तीन मीटर अंतरावर असतानाच ते टिपले गेले आणि बग्गीला मागे फिरून नव्या वाटेने जाण्याची आज्ञा पृथ्वीवरून देण्यात आली. जाणीव, निर्णय, हालचाल हीच साखळी तेथेही होती. वर्गातल्या फरशीवरील यंत्रमानव हे सारे एका स्विचच्या आधारे करतो.

साहित्य

मोटारी निवडताना गिअरसह येणाऱ्या मोटारी घ्याव्यात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात त्या ‘बीओ मोटर’ या नावाने मिळतात. पिवळ्या प्लॅस्टिकच्या पेटीत छोटी मोटार आणि दंतचक्रे बसवलेली असतात. तिच्यासोबत मिळणारे चाक साधारणतः ६५ मिलिमीटर व्यासाचे असते. अशा दोन मोटारी व दोन चाके लागतात.

दोन सेलची पेटी, म्हणजे सेल होल्डर, दोन नग. त्यांत बसणारे दीड व्होल्टचे चार पेन्सिल सेल. पट्टी असलेले दोन लिमिट स्विच. या स्विचला तीन टोके असतात. त्यांवर सीओएम, एनसी आणि एनओ अशी इंग्रजी आद्याक्षरे असतात. सीओएम म्हणजे सामाईक टोक. पट्टी मोकळी असताना ते एनसीला जोडलेले असते. पट्टी दाबताच एनसी सुटते आणि ते एनओला जोडले जाते. सारा यंत्रमानव या एका गुणधर्मावर उभा आहे.

याखेरीज चालू-बंद करण्यासाठी एक साधा स्विच, पातळ लवचीक तार, चिकटपट्टी आणि खराट्याच्या सुमारे १२ सेंटिमीटर लांबीच्या दोन काड्या घ्याव्यात. तळासाठी जाड पुठ्ठा, सनबोर्ड किंवा बांबूची चपटी कामटी चालते. जुन्या, बंद पडलेल्या खेळण्यांतून मोटारी, चाके, तारा आणि सेलच्या पेट्या काढून घेता आल्या तर खर्च आणखी कमी होतो.

सांगाडा

तळ साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद असावा. दोन्ही मोटारी तळाच्या खालच्या बाजूस, मध्यापासून किंचित पुढे, एकमेकींच्या समोरासमोर बसवाव्यात. चाके तळाच्या दोन्ही कडांबाहेर येतील आणि एकमेकांना समांतर राहतील याची काळजी घ्यावी. मागच्या बाजूस मध्यभागी तिसरा आधार लागतो. तारेत ओवलेला मोठा गुळगुळीत मणी त्यासाठी पुरतो. वळताना तो जमिनीवरून सहज घसरतो. सेलच्या पेट्या शक्यतो चाकांच्या बरोबर वर ठेवाव्यात, म्हणजे वजन चाकांवर पडून पकड मिळते.

लिमिट स्विच पुढच्या दोन कोपऱ्यांवर बसवावेत. त्यांच्या पट्ट्यांना खराट्याच्या काड्या चिकटवाव्यात, म्हणजे झुरळाच्या मिशांप्रमाणे त्या पुढे आणि किंचित बाहेर पसरतील. काडीचे टोक हलक्या हाताने मागे दाबले असता स्विचचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. तो येत नसल्यास काडीचा कोन बदलावा.

दोन चाके स्वतंत्र मोटारींवर का? बैलगाडी पाहिली तर उत्तर सापडते. गाडीची दोन्ही चाके एकाच आसावर असली तरी स्वतंत्रपणे फिरतात. गाडी वळताना बाहेरचे चाक अधिक अंतर कापते, आतले कमी. यंत्रमानवातही वळण्यासाठी वेगळे सुकाणू नसते. दोन्ही चाके पुढे फिरली तर तो सरळ जातो. एक पुढे आणि दुसरे मागे फिरले तर तो जागच्या जागी वळतो. ज्वारीच्या धाटांची गाडी करणाऱ्या किंवा काठीने टायर पळवणाऱ्या मुलांना चाकाची ही चाल नवी नसते.

जोडणी

सेलच्या दोन पेट्यांना ‘अ’ आणि ‘ब’ अशी नावे द्यावीत. ‘अ’ पेटीचे ऋण टोक ‘ब’ पेटीच्या धन टोकाला जोडावे. या सांध्याला मध्यबिंदू म्हणू. आता तीन जागा मिळाल्या : ‘अ’चे मोकळे धन टोक, मध्यबिंदू आणि ‘ब’चे मोकळे ऋण टोक. मध्यबिंदूच्या तुलनेत पहिली जागा तीन व्होल्टने वर आहे आणि तिसरी तीन व्होल्टने खाली.

मध्यबिंदूपासून एक तार काढून ती चालू-बंद स्विचमधून न्यावी आणि दोन्ही मोटारींच्या एकेका टोकाला जोडावी. दोन्ही लिमिट स्विचची एनसी टोके ‘अ’च्या धन टोकाला आणि एनओ टोके ‘ब’च्या ऋण टोकाला जोडावीत.

राहिले मोटारींचे दुसरे टोक आणि स्विचचे सीओएम. येथे लक्ष द्यावे. डाव्या स्विचचे सीओएम उजव्या मोटारीला आणि उजव्या स्विचचे सीओएम डाव्या मोटारीला जोडायचे आहे. म्हणजेच तारा एकमेकींना छेदून जातात. या छेदण्यातच यंत्रमानवाचा निर्णय दडलेला आहे.

स्विच चालू केल्यावर दोन्ही चाकांनी पुढे फिरले पाहिजे. एखादे चाक मागे फिरत असेल तर त्या मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल करावी. मोटारी समोरासमोर बसवलेल्या असल्याने, म्हणजे एक दुसरीचे आरशातील प्रतिबिंब असल्याने, हे बहुधा एका मोटारीबाबत करावेच लागते.

आता समजा डावी काडी भिंतीला लागली. डावा स्विच दाबला जातो. त्याचे सीओएम एनसी सोडून एनओकडे जाते. उजव्या मोटारीला आतापर्यंत ‘अ’ पेटीकडून मिळणारा प्रवाह थांबतो आणि ‘ब’ पेटीकडून उलट दिशेचा प्रवाह सुरू होतो. उजवे चाक मागे फिरू लागते, डावे पुढे फिरतच असते. यंत्रमानव उजवीकडे, म्हणजे भिंतीपासून दूर वळतो. काडी मोकळी होताच स्विच पूर्ववत होतो आणि तो नव्या दिशेने चालू लागतो.

मोटार फिरते कशी?

राज्याच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या २०१८ च्या पाठ्यपुस्तकात ‘विद्युतधारेचे परिणाम’ या प्रकरणात विद्युत चलित्राची आकृती आहे. तीच वस्तू या पिवळ्या पेटीच्या टोकाशी बसवलेली असते. चुंबकीय क्षेत्रातील तारेतून विद्युतप्रवाह गेला की तारेवर बल निर्माण होते. तारेचे वेटोळे केले तर त्याच्या एका बाजूस बल वर आणि दुसऱ्या बाजूस खाली असते, त्यामुळे वेटोळे फिरते. अर्ध्या फेरीनंतर हीच बले त्याला उलटे ओढू लागतील. म्हणून दर अर्ध्या फेरीला वेटोळ्यातील प्रवाहाची दिशा बदलावी लागते. हे काम आसावर बसवलेल्या दुभंगलेल्या कड्या आणि त्यांना टेकलेले ब्रश करतात. बाहेरून प्रवाहाची दिशा उलटली की मोटारही उलटी फिरते. लिमिट स्विच नेमके हेच करतो.

खेळण्यातील मोटारीत सहसा तीन वेटोळी असतात. एकच वेटोळे असेल तर ते अशा जागी थांबू शकते की पुन्हा सुरू होण्यास बोटाने ढकलावे लागते. विज्ञानाची खेळणी घरोघरी पोहोचवणारे अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केलेल्या सेल, चुंबक आणि दोन सेफ्टी पिनांच्या साध्या मोटारीत हा अनुभव येतो. गुप्ता यांनी २००३ पासून २०१४ पर्यंत पुण्यातील ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केले, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची सेफ्टी पिनांची मोटार आधी करून पाहिली तर यंत्रमानवाची मोटार समजणे सोपे जाते.

मोटारीची आणखी एक बाजू पाहण्यासारखी आहे. बीओ मोटारीच्या दोन टोकांना लाल एलईडी जोडून चाक हाताने वेगाने फिरवले तर एका दिशेला फिरवताना एलईडी उजळतो. मोटार आता जनित्र झाली. नर्मदेवरील ज्या सरदार सरोवराचे पाणी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील गावांत शिरले, त्या प्रकल्पाची वीजगृहे १,४५० मेगावॉट क्षमतेची आहेत. पडणाऱ्या पाण्याने फिरणारी तेथील प्रचंड जनित्रे विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या याच नियमाने वीज निर्माण करतात. मायकेल फॅरडे यांनी हा नियम १८३१ मध्ये प्रयोगांनी सिद्ध केला.

वेग आणि ताकद

गिअर का हवेत, हे गणिताने स्पष्ट होते. ६५ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे २०.४ सेंटिमीटर असतो. छोटी मोटार मिनिटाला सहा हजार फेऱ्या घेते असे धरले आणि हे चाक थेट तिच्या आसावर बसवले, तर हिशेबाने वेग ताशी ७३ किलोमीटर येतो. प्रत्यक्षात ती गाडी जागची हलणारही नाही. मोटारीच्या फिरण्यात गती भरपूर असली तरी पीळ, म्हणजे फिरवण्याची ताकद, फार थोडी असते.

पेटीतील दंतचक्रे या गतीच्या बदल्यात पीळ मिळवून देतात. बीओ मोटारीचे एक प्रचलित गुणोत्तर ४८ ला १ असे आहे. मोटार ४८ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. वेग ४८ पट घटतो. घर्षणातील नुकसान वगळता पीळ तितक्या पटीने वाढतो. चढावर सायकल चालवताना गिअर बदलणारा किंवा विहिरीवरचा रहाट हाताळणारा माणूस हाच सौदा करत असतो.

भाराखाली चाक मिनिटाला ७५ फेऱ्या घेत असेल तर यंत्रमानव मिनिटाला सुमारे १५ मीटर, म्हणजे सेकंदाला २५ सेंटिमीटर चालेल. हे मोजून पाहावे. फरशीवर दोन मीटर अंतर खडूने आखून पाच वेळा वेळ घ्यावी आणि सरासरी काढावी. मग यंत्रमानवावर वजन ठेवून, तरटावर चालवून, पुस्तके रचून केलेल्या उतारावर चढवून तीच मोजणी करावी. वेग, बल आणि घर्षण यांचे धडे या आकड्यांतून आपोआप पुढे येतात.

यंत्रमानव अडून बसला आणि चाके फिरेनाशी झाली तर स्विच ताबडतोब बंद करावा. फिरती मोटार जनित्राप्रमाणे थोडा उलट दाब निर्माण करत असते आणि त्यामुळे प्रवाह मर्यादित राहतो. ती अडली की हा उलट दाब नाहीसा होतो, प्रवाह कित्येक पटींनी वाढतो आणि मोटार व सेल दोन्ही तापतात. शेतातील पंपाची मोटार अडकली की जळते, त्यामागेही हे एक प्रमुख कारण असते.

तारा बदला, स्वभाव बदलतो

यंत्रमानव व्यवस्थित चालू लागला की त्याच्यावर एक प्रयोग अवश्य करावा. छेदून नेलेल्या दोन तारा सोडवून सरळ जोडाव्यात. डाव्या स्विचचे सीओएम डाव्या मोटारीला, उजव्याचे उजव्या मोटारीला. आता डावी काडी भिंतीला लागली की डावे चाक मागे फिरते, यंत्रमानव डावीकडे वळतो आणि भिंतीतच घुसू पाहतो. मोटारी त्याच, सेल तेच, स्विच तेच. केवळ दोन तारांची जागा बदलली आणि अडथळा टाळणारे यंत्र अडथळ्याला चिकटणारे झाले.

इटालियन-ऑस्ट्रियन मेंदूशास्त्रज्ञ व्हालेंटिनो ब्रायटेनबर्ग यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हेइकल्स’ या छोट्या पुस्तकात अशाच काल्पनिक गाड्यांची मालिका मांडली आहे. जाणिवेची तार कोणत्या चाकाला जोडली यावर एखादी गाडी ‘भित्री’ तर दुसरी ‘आक्रमक’ भासते. पाहणारा तिला स्वभाव चिकटवतो; आत असते ती केवळ जोडणी. यंत्रे ‘विचार’ करतात असे सर्रास म्हटले जाण्याच्या काळात हा फरक विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने तार बदलून अनुभवणे महत्त्वाचे आहे.

यंत्रमानवाची मर्यादाही त्याला कोपऱ्यात सोडल्यावर लक्षात येते. डावी काडी लागते, तो उजवीकडे वळतो. उजवी लागते, तो डावीकडे वळतो. आणि हा क्रम बराच वेळ चालू राहतो. भिंतीवर समोरून धडकला तर दोन्ही काड्या एकदम दाबल्या जातात, तो थोडा मागे येतो, काड्या सुटतात आणि तो पुन्हा त्याच भिंतीवर जातो. क्षणापूर्वी काय घडले हे त्याला आठवत नाही, कारण आठवणीसाठी त्याच्यात कोणताही भाग नाही. स्मृती म्हणजे काय आणि यंत्राला ती का लागते, हा प्रश्न येथे विद्यार्थी स्वतः विचारतात. प्रोग्रॅम करता येणाऱ्या पाटीकडे, म्हणजे मायक्रोकंट्रोलरकडे वळण्याची योग्य वेळ तीच. गरज कळल्यानंतर हाती आलेले साधन समजते; गरजेआधी आलेले साधन बहुधा पेटीतच राहते.

नेहमीचे बिघाड

चाके फिरतात पण यंत्रमानव हलत नाही, असे झाल्यास वजन मागच्या मण्यावर अधिक पडले आहे का ते पाहावे. चाकावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पातळ पट्टी चढवली तर पकड वाढते.

सरळ न जाता तो एका बाजूस ओढत असेल तर त्यात नवल नाही. एकाच कारखान्यातील दोन मोटारीही तंतोतंत सारख्या नसतात. जोडीतला एक बैल दमदार असला की गाडी एका अंगाला जाते, तसेच हे आहे. चाक तळाला घासत नाही आणि वजन मध्यावर आहे याची खात्री करावी. थोडी ओढ राहिली तर ती राहू द्यावी. कोपऱ्यातून सुटण्यास तिचा उपयोगच होतो. एक काडी दुसरीपेक्षा थोडी लांब ठेवली तर समोरून धडकल्यावरही तो लवकर बाजूला वळतो.

सरळ चालतो पण काडी दाबताच एक चाक नुसते थांबते, असे दिसल्यास दोष ‘ब’ पेटीत किंवा एनओच्या तारेत शोधावा, कारण उलट फिरण्यापुरतीच ‘ब’ पेटी कामास येते. याच कारणाने ‘अ’ पेटीतील सेल लवकर उतरतात. दर काही दिवसांनी दोन्ही पेट्यांतील सेलची अदलाबदल केली तर चारही सेल सारखे वापरले जातात. काहीही न दाबता सेल तापत असतील तर दोन तारा एकमेकींना टेकल्या आहेत असे समजून सेल लगेच काढावेत.

बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय झाले ते वहीत लिहावे. मोटारसायकलचा मिस्त्री नेमके हेच करतो. फक्त तो लिहीत नाही.

काळजी

यंत्रमानवाला घरातील विजेच्या सॉकेटशी कधीही जोडू नये. जुन्या मोबाइलमधील लिथियम बॅटऱ्या वापरू नयेत. तारा टेकल्यास त्या पेट घेऊ शकतात. डाग देण्याचे काम मोठ्यांच्या उपस्थितीत, हवेशीर जागी करावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. डाग देण्याची सोय नसेल तर तारा घट्ट पिळून चिकटपट्टीने बांधल्या तरी यंत्रमानव चालतो. संपलेले सेल चुलीत किंवा उघड्यावर टाकू नयेत.

शाळेच्या दारात

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अटल टिंकरिंग लॅब ही योजना राबवण्यास सुरुवात केली. निवड झालेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद तीत करण्यात आली. २०१८ मध्ये नंदुरबारचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत झाला. राज्यातून गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचे उस्मानाबाद हे अन्य तीन जिल्हे त्या यादीत होते. प्रयोगशाळा उपयुक्त आहेतच. परंतु निवड झालेल्या शाळांपुरत्याच त्या मर्यादित राहतात. अक्राणीच्या डोंगरातील आश्रमशाळा असो की नर्मदाकाठी १९९२ पासून सुरू झालेल्या जीवनशाळांपैकी एखादी असो, तेथील मुलांना यंत्र समजून घेण्यासाठी निवडीची वाट पाहण्याचे कारण नाही. चार सेलचा हा यंत्रमानव गटागटाने करता येतो आणि एकाच संचाचे भाग सोडवून पुढच्या वर्गाला देता येतात.

भाषेचा मुद्दाही येथे निर्णायक ठरतो. जिल्ह्यातील अनेक मुलांच्या घरी भिली, पावरी, मावची किंवा कोकणी बोलली जाते. पाठ्यपुस्तकातील ‘विद्युत चलित्र’ हा शब्द त्यांना दुहेरी परका असतो. आधी प्रमाण मराठी म्हणून आणि मग शास्त्रीय परिभाषा म्हणून. डावी काडी दाबली की उजवे चाक उलटे फिरते, ही गोष्ट मात्र कोणत्याही बोलीत सांगता येते. ती आधी पाहिली, घरच्या बोलीत एकमेकांना समजावली आणि मग तिला पुस्तकातील नाव दिले, तर ते नाव लक्षात राहते.

तालुका विज्ञान प्रदर्शनात असा यंत्रमानव मांडताना परीक्षकांनी एक साधी कसोटी लावावी. दोन तारा सोडवून द्याव्यात आणि विद्यार्थ्याला त्या पुन्हा जोडण्यास सांगावे. बाजारातून तयार आणलेले मॉडेल आणि स्वतः जोडलेले मॉडेल यांतील फरक पाच मिनिटांत दिसून येईल. जो विद्यार्थी तारा छेदून का न्यायच्या हे सांगू शकेल, त्याने जाणीव, निर्णय आणि हालचाल यांची साखळी आत्मसात केलेली असते. त्याच्यापुढे कोणतेही मोठे यंत्र आले तरी ते उघडून पाहण्याची भीती त्याला वाटणार नाही.